खाडी-किनाऱ्याच्या पाण्याची वर्षभर तपासणी: दाभोळ खाडी समोर ठेवून

किनाऱ्याच्या पाण्यावर काम सुरू करताना बरेच जण आधी मीटर विकत घेतात आणि नमुने कुठून, कधी घ्यायचे ते नंतर ठरवतात. क्रम उलटा हवा. खाडीच्या मुखाशी उधाणाच्या दिवशी सहा तासांत क्षारता आणि गढूळपणा इतका बदलतो, की जानेवारी ते मे या काळातला बदल त्यापुढे लहान वाटावा. जानेवारीचा नमुना भरतीला घेतला आणि मेचा ओहोटीला, तर दोन्हींतल्या फरकावर 'उन्हाळ्याचा परिणाम' असे शीर्षक देता येत नाही. तो फरक भरती-ओहोटीचा असतो. असे अहवाल पुष्कळ दिसतात आणि त्यांत घातलेले कष्ट वाया गेलेले पाहून वाईट वाटते.

पुढच्या पायऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, मच्छीमार सोसायट्या आणि गावपातळीवरच्या गटांसाठी आहेत. उदाहरण वाशिष्ठी नदीचे, म्हणजे दाभोळ खाडीचे घेतले आहे. पद्धत कोकणातल्या इतर खाड्यांनाही लागू पडते.

१. खाडीत पाणी कुठून येते ते आधी नकाशावर मांडा

नकाशावर चार गोष्टी दाखवा: गोडे पाणी कुठे येते, सांडपाणी कुठे येते, भरती कुठवर चढते आणि खोल पात्र कोणत्या काठाने जाते.

दाभोळ खाडीत पहिलाच मुद्दा वेगळा आहे. कोयना प्रकल्पात वीज तयार केल्यावर सुटणारे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. कोकणातल्या इतर बहुतेक नद्या फेब्रुवारीनंतर आटतात, वाशिष्ठीला मात्र उन्हाळ्यातही गोडे पाणी असते आणि ते विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होते. एप्रिलमध्ये खाडीच्या वरच्या अंगाला, चिपळूणलगतच्या गोवळकोटजवळ क्षारता अचानक उतरलेली दिसली तर मीटर बिघडला असे समजू नका. आधी वरून किती पाणी सुटले होते याची चौकशी करा आणि ते नोंदवहीत लिहा.

खेडकडून येणारी जगबुडी याच खाडीला मिळते. चिपळूणचे शहरी पाणी वरच्या अंगाला येते. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतही याच पाणलोटात आहे. यांपैकी ज्याचा परिणाम शोधायचा असेल त्याच्या वर एक आणि खाली एक ठिकाण हवे. नुसत्या खालच्या ठिकाणाचा आकडा कोणाचाच दोष दाखवू शकत नाही.

२. तारीख ठरवताना पंचांग उघडा

सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून कोकणात तिथीच्या पाऊणपट तास धरून भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून एक मोठी सोय मिळते. तिथी तीच ठेवली की भरतीची घड्याळातली वेळही जवळपास तीच राहते. नुसती भरतीची अवस्था जुळवली आणि तिथी सोडून दिली, तर एका महिन्यात पूर्ण भरती सकाळी सातला सापडते आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी दोनला. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती दिवसभर ऑक्सिजन सोडत असतात, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही कमी असतात आणि दुपारी चढतात. सातचा आणि दोनचा नमुना शेजारी ठेवून ऋतूबद्दल काहीच म्हणता येत नाही.

म्हणून शुद्ध किंवा वद्य द्वितीया निवडा आणि वर्षभर तीच पाळा. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. शिवाय या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी सातच्या पुढे-मागे आणि पूर्ण भरती दुपारी एक-दीडच्या सुमारास येते, म्हणजे दोन्ही टोके दिवसाउजेडी एकाच फेरीत सापडतात. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो त्या दिवसांची तुलना हवी असेल तर अष्टमी-नवमीची वेगळी फेरी करा. तिचे आकडे उधाणाच्या आकड्यांत मिसळू नका.

नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यावरून घ्या. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे दाभोळला ती मुंबईच्या थोडी आधी येते. खाडीत आत जावे तशी उशीर होत जातो. मुखाशी भरती पूर्ण झाली तरी गोवळकोटला पाणी चढतच असते. म्हणून होडी मुखापासून सुरू करून भरतीबरोबर आत न्या.

वर्षातून किती फेऱ्या? दरमहा एक उत्तम. ते जमत नसेल तर निदान पाच: जानेवारी, एप्रिलअखेर ते मे, जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसानंतर, ऑगस्ट आणि ऑक्टोबर. जूनची फेरी वगळण्याचा मोह होतो, पण आठ महिन्यांचा रस्त्यावरचा, गटारांतला आणि शेतांतला साठा पहिल्या पावसातच वाहून येतो.

३. ठिकाणे: पाच पुरेत

पहिल्या वर्षी पाच ठिकाणे घ्या: मुखाबाहेरचा उघडा समुद्र, दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या मार्गाजवळचे खोल पात्र, जगबुडीच्या संगमाच्या खाली, संगमाच्या वर आणि गोवळकोट. प्रत्येक ठिकाणी दोन खोल्यांवर नमुना घ्या: पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि तळापासून एक मीटर वर. पाणी तीन मीटरपेक्षा उथळ असेल तर एकच नमुना पुरे.

पाच ठिकाणे, दोन खोल्या, दोन भरती-अवस्था मिळून वीस नमुने होतात. प्रत्येकी सुमारे तीन लिटर धरले तर साठ लिटर पाणी, वर बर्फ. लहान होडीला आणि चार माणसांना एका दिवसात एवढेच झेपते. दहा ठिकाणे ठरवून तिसऱ्या महिन्यात सहावर येण्यापेक्षा पाच ठिकाणे वर्षभर टिकवा.

ठिकाण जीपीएसवर नोंदवाच, शिवाय काठावरच्या दोन ठळक खुणाही लिहा. तांडेल (होडीचा प्रमुख) खोली वावांत सांगेल. एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर.

४. परवानग्या आणि कागदपत्रे

- संस्थेचे पत्र: हेतू, ठिकाणे, तारखा आणि होडीचा नोंदणी क्रमांक त्यात हवा
- महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाला आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला लेखी सूचना, आणि तिची पोच
- होडीची नोंदणी व विमा, होडीवरच्या प्रत्येकाचे ओळखपत्र
- प्रयोगशाळेशी झालेला लेखी करार, त्यात प्रत्येक घटकाची पद्धत नाव घेऊन
- नमुना हस्तांतर पत्रक: कोणी घेतला, किती वाजता दिला, कोणी स्वीकारला

मालवणसारख्या सागरी अभयारण्यात काम असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी लागते आणि तिला वेळ लागतो. अर्ज फेरीच्या कितीतरी आधी द्या.

५. सामान

- पाच लिटरचे निस्किन नमुनायंत्र (हव्या त्या खोलीवर झाकणे मिटून तिथले पाणी वर आणणारे), दर मीटरला खूण केलेला दोर, पाच-सहा किलोचे वजन
- ३०० मिलीच्या काचेच्या बुचाच्या बीओडी बाटल्या (बीओडी म्हणजे जिवाणूंना सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन): प्रत्येक नमुन्याला दोन, आणि चार जादा
- पोषकद्रव्यांसाठी (नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट, सिलिकेट) ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटल्या, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या
- हरितद्रव्य आणि तरंगता गाळ यांसाठी एकेक लिटरच्या बाटल्या, हरितद्रव्याच्या गडद रंगाच्या
- जिवाणूंसाठी २५० मिलीच्या निर्जंतुक बाटल्या
- पीएच मीटर, तो तपासायला ७ आणि ९.२ पीएचची बफर द्रावणे, थर्मामीटर, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर किंवा वाहकता मीटर
- सेक्की तबकडी (पाण्यात सोडून पारदर्शकपणा मोजायची)
- बर्फाच्या दोन पेट्या, उर्ध्वपातित पाणी, लाइफ जॅकेट, शिसपेन्सिली

नोंद शिसपेन्सिलीनेच करा. शाई एका शिंतोड्यात जाते. बाटल्यांवरचे क्रमांक आदल्या रात्री लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, कारण ओल्या बाटलीवर काहीच लिहिले जात नाही.

पोषकद्रव्यांच्या बाटल्या घरच्या साबणाने धुऊ नका, त्यात फॉस्फेट असू शकते. सिलिकेटचा नमुना काचेत ठेवू नका, काचेतूनच सिलिका पाण्यात उतरते.

६. होडीवर: पाणी कोणत्या क्रमाने काढायचे

इंजिन बंद करा, नांगर टाका आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूने नमुना घ्या, म्हणजे होडीचे तेल आणि तळाचा ढवळलेला गाळ त्यात येणार नाही. प्रवाहात दोर तिरका जातो. तो ४५ अंशांनी कलला असेल तर दहा मीटर सोडूनही यंत्र सातच मीटरवर असते. वजन वाढवा, किंवा कोन लिहून ठेवून खोली दुरुस्त करा.

यंत्र वर आले की क्रम ठरलेला: आधी विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली, मग बीओडीची, मग पीएच आणि क्षारता, मग पोषकद्रव्ये, शेवटी हरितद्रव्य आणि गाळ. गाळाची बाटली भरण्याआधी यंत्र दोन-तीनदा उलटसुलट करा. जड कण तळाशी बसतात आणि तोटीतून येतच नाहीत.

जिवाणूंचा नमुना या यंत्रातून घ्यायचा नाही. निर्जंतुक बाटली पाण्याखाली वीतभर धरून, तोंड प्रवाहाकडे करून थेट भरा, वर थोडी जागा सोडा आणि बर्फात ठेवा. सहा तासांच्या आत तो प्रयोगशाळेत लागला पाहिजे. म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि त्यावरून शेवटच्या ठिकाणाची वेळ काढा.

प्रत्येक फेरीत दोन जादा नमुने असू द्या. एक म्हणजे कोणत्याही ठिकाणचा दुहेरी नमुना. दुसरा कोरा: होडीवर उघडून बाटलीत भरलेले उर्ध्वपातित पाणी. कोऱ्यात अमोनिया निघाला तर त्या दिवसाचे अमोनियाचे सगळे आकडे संशयास्पद. होडीवर कोणी विडी ओढली तरी एवढे पुरते.

७. विरघळलेला ऑक्सिजन: विंकलर पद्धत शिकूनच घ्या

तोटीला रबरी नळी लावा आणि तिचे टोक बाटलीच्या तळाला टेकवा. पाणी सावकाश सोडा, बाटलीच्या दुप्पट पाणी वरून वाहू द्या आणि नळी हळूच बाहेर काढा. आत एकही बुडबुडा नको. १ मिली मँगनीज सल्फेट आणि १ मिली अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइड, दोन्ही वेगवेगळ्या पिपेटने, टोक पाण्याखाली ठेवून घाला. बूच तिरके धरून बसवा आणि बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका दिसेल. तो पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. समुद्राच्या पाण्यात साका सावकाश बसतो. घाई न करता एकदा बसू द्या, परत हलवा, परत बसू द्या. बाटल्या अंधारात ठेवा.

त्याच दिवशी १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवा. त्यातले २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करा. रंग गवती पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत थेंबथेंब सोडा. जितके मिली थायोसल्फेट लागले तितके मिलिग्राम प्रति लिटर ऑक्सिजन. २०० ऐवजी २०१ मिली घेण्याचे कारण म्हणजे आधी घातलेल्या दोन मिली रसायनांनी तेवढेच पाणी बाहेर ढकललेले असते. थायोसल्फेटची तीव्रता दिवसागणिक बदलते, ती प्रत्येक फेरीला नव्याने ठरवा.

मीटरने ऑक्सिजन मोजत असाल तर त्यात क्षारता भरायला विसरू नका. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात संपृक्त ऑक्सिजन सुमारे ७.८ मिलिग्राम असतो, ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) पाण्यात सुमारे ६.४. मीटर गोड्या पाण्यावर ठेवलेला असेल तर समुद्रावर तो जवळपास दीड मिलिग्राम जास्त दाखवतो आणि घुसमटलेले पाणी ठीक भासते. अहवालात मिलिग्रामसोबत संपृक्ततेची टक्केवारीही द्या. नाहीतर पावसाळ्यात पाणी गोडे झाल्यामुळे वाढलेला आकडा 'सुधारणा' म्हणून मिरवला जातो.

८. प्रयोगशाळेला हे आधी विचारा

गोड्या पाण्याचे काम उत्तम करणाऱ्या प्रयोगशाळाही समुद्राच्या पाण्यावर चुकतात. समुद्रात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीने काढलेला सीओडी (घाणीचे रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) या क्लोराइडमुळे भलताच वाढतो, तो आकडा मागूच नका. बीओडी मागा: २७ अंश, ३ दिवस. अमोनियासाठी नेसलर चालत नाही, कारण मॅग्नेशियम-कॅल्शियमचा साका येतो. इंडोफिनॉल निळ्याची पद्धत हवी. नायट्रेटसाठी कॅडमियम क्षपण हवे. फिनॉल डायसल्फोनिक पद्धत क्लोराइडने बिघडते. तरंगता गाळ वजन करण्याआधी गाळणकागद उर्ध्वपातित पाण्याने धुतला का, हे विचारा. धुतला नसेल तर कागदात अडकलेले मीठच तोलले जाते.

पोषकद्रव्यांचे पाणी त्याच संध्याकाळी ०.४५ मायक्रोमीटर गाळणीतून गाळून उणे २० अंशांवर ठेवा. हरितद्रव्यासाठी अर्धा ते एक लिटर पाणी काचतंतूंच्या गाळणीतून मंद उजेडात गाळा. ती गाळणी १० मिली ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये, अंधारात, थंडीत रात्रभर ठेवली की अर्क तयार.

एककांवर लक्ष ठेवा. 'नायट्रेट' आणि 'नायट्रेटमधला नायट्रोजन' यांत ४.४ पटींचा फरक असतो. दोन वर्षांचे अहवाल दोन प्रयोगशाळांचे असतील तर प्रदूषण चौपट झाल्याची बातमी यातूनच तयार होते.

९. पावसाळ्यात

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि त्याला सबळ कारण आहे. कोणालाही जास्त पैसे देऊन मुखाबाहेर नेऊ नका. या महिन्यांत बाहेरचे ठिकाण रिकामे ठेवा आणि बाकीचे नमुने धक्क्यावरून व पुलावरून घ्या. तक्त्यात तसे स्पष्ट लिहा.

पावसाळ्यात तळाचा नमुना टाळून चालत नाही. गोडे पाणी हलके असल्याने ते वरून वाहते आणि खारे पाणी खालून पाचरीसारखे आत शिरते. वर क्षारता ३ असताना चार मीटर खाली ती पंचविशीत असू शकते. अशा दिवशी वरच्या नमुन्यावरून 'खाडी गोडी झाली' म्हणणे म्हणजे अर्धीच खाडी पाहणे.

१०. आकडे वाचताना

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. आंघोळ, जलक्रीडा आणि व्यापारी मासेमारीसाठी दुसरा वर्ग लागतो: पीएच ६.५ ते ८.५, ऑक्सिजन किमान ४ मिलिग्राम किंवा ५० टक्के संपृक्तता यांपैकी जे जास्त असेल ते, बीओडी ३ मिलिग्रामपर्यंत, गढूळपणा ३० एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक), विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) १०० मिलीमागे १००. पावसाळ्यात गढूळपणा ही मर्यादा सहज ओलांडतो. नदीचा गाळ म्हणजे प्रदूषण, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या ठिकाणी तळाचा ऑक्सिजन खूप खाली आला तर लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नका. नैर्ऋत्य मोसमी काळात अरबी समुद्रातले खोलवरचे, कमी ऑक्सिजनचे थंड पाणी आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, म्हणजे खंडमंचावर चढते. वरच्या गोड्या थरामुळे ते हवेपासून तुटते आणि उरलेला ऑक्सिजनही संपत जातो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीसमोर वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीत हे चक्र स्पष्ट दिसते. खूण सोपी आहे: पाणी खारे आणि थंड असून ऑक्सिजन कमी असेल तर ते समुद्रातून आले. पाणी निमखारे व कोमट असेल, अमोनिया आणि कोलिफॉर्म चढलेले असतील, तर खाडीत वर शोधा.

सर्वांत उपयोगी आलेख म्हणजे आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्यावर पोषकद्रव्य. समजा गोड्या टोकाला नायट्रेट ३० आणि क्षारता ०, समुद्राच्या टोकाला नायट्रेट २ आणि क्षारता ३५. नुसते मिसळणे होत असेल तर १७.५ क्षारतेला १६ यायला हवे. तिथे २४ आले तर मधेच कुठूनतरी भर पडते आहे. ८ आले तर वाटेत कोणीतरी, बहुधा सूक्ष्म वनस्पती, ते वापरते आहे. संगमाच्या खालचा बिंदू दर फेरीत रेषेच्या वर राहिला आणि वरचा बिंदू रेषेवर, तर शोधाची दिशा मिळाली. हा आलेख भरती-ओहोटीच्या गोंधळावरही उपाय आहे, कारण पाणी कुठेही सरकले तरी त्याची क्षारता त्याच्याबरोबर असते.

११. मासे मेलेले दिसले तर

फेरीची वाट पाहू नका. पाणी फिरायच्या आत पोचा, कारण एका ओहोटीत सगळे वाहून जाते. घटनास्थळ, त्याच्या वर आणि खाली असे तीन ठिकाणचे नमुने घ्या. ऑक्सिजनची बाटली, विंकलरची पहिली दोन रसायने घालून, जागेवरच स्थिर करा. पीएच, तापमान, वास, रंग, वेळ आणि भरतीची अवस्था लिहा. अजून तडफडत असलेले मासे मिळाले तर वेगळ्या पिशवीत बर्फावर ठेवा, कुजलेल्यांचा तपासाला फारसा उपयोग नाही. कोणती जात आहे आणि तळाचे मासे मेले की वरचे, हे कोळ्यांना विचारून लिहा. तळाचेच मेले असतील तर संशय आधी ऑक्सिजनवर जातो.

त्याच वेळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला फोन करा आणि पाठोपाठ लेखी कळवा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार न्यायालयात टिकणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, संबंधिताला नोटीस देऊन घ्यावा लागतो. तुमचे आकडे पुरावा ठरत नाहीत, पण नमुना कुठे आणि किती वाजता घ्यायचा हे अधिकाऱ्याला त्यांवरूनच सांगता येते. वर्षभराचा तक्ता छापील स्वरूपात सोबत द्या आणि त्याची पोच घ्या.